धार माझीच हाय

मुरगूडचे एक गृहस्थ खटल्यातून सुटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ऑफिसात येऊन भांडायला लागले. मारामारीचा खटला होता. कोर्टानं त्यांना संशयाचा फायदा देऊन सोडलं होतं. मला वाटलं पेढे घेऊन आले असतील. तर खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "बाई, ह्याच्यावर अपील करायचं."

"अहो, सुटलात की तुम्ही!"

"सुटलोय, पर संशयानं सुटलोय. गावात तोंड कसं दावू? आणि संशय कुणाचा ओ? माझा तर न्हाय! मला बिगरसंशयाचं सोडवा."

त्यांना समजावता समजावता माझा चहा गार झाला, दुसरा मागवला, तोही गार झाला. शेवटी मी म्हटलं, पाटील, उद्या अपिलात जाल आणि संशयही जाईल, सुटकाही जाईल, मग काय कराल? तेव्हा कुठं ते उठले. जाताना दारातून परत वळून म्हणाले, "तरी पर संशय ह्यो शब्द काढायला पायजे हुता."

वकिलीतलं काहीतरी लिहा, असा दिवाळी अंकाच्या संपादकीणबाईंचा फोन आला तेव्हा हे मुरगूडकर डोळ्यांपुढं उभे राहिले. पण त्यांच्याबद्दल इतकंच. लिहायचं आहे ते एका शिकलगाराबद्दल, म्हणजे विळे-कोयत्यांना धार लावणाऱ्या माणसाबद्दल. ती केस माझ्या डोक्यातून जात नाही, आणि आता जाईल असं वाटतही नाही.

आधी माझ्या धंद्याबद्दल सांगते, कारण त्याबद्दल लोकांच्या भलत्याच कल्पना असतात. मी फौजदारी अपिलं चालवते. खालच्या कोर्टात माणसं बोलतात, अपिलात कागद बोलतात. साक्षीदार नाही, आरोपीचा पिंजरा नाही, 'याद राखा, तुम्ही खोटं बोलताय' असला आवेश नाही. खाली झालेल्या साक्षी, पंचनामे, निकाल, सगळ्याचा एक जाडजूड गठ्ठा होतो. तो न्यायमूर्तींपुढं असतो आणि माझ्यापुढं असतो. मी उभी राहते आणि हळू आवाजात सांगते की, अमुक पानावर अमुक साक्षीदार असं म्हणतो आणि तमुक पानावर त्याच्या बरोबर उलट म्हणतो, तर मग शिक्षा कशाच्या जोरावर दिली? बस्स. पक्षकारांची अगदी निराशा होते. एकजण तर बाहेर आल्यावर तोंड पाडून म्हणाला, "बाई, तुम्ही वरडलाच न्हाय. दुसरा वकील लावाय पायजे हुता." त्या दिवशी मी त्याला जामीन मिळवून दिला होता.

पूर्वी अपील म्हणजे मुंबई. हायकोर्टाचं बेंच कोल्हापुरात यावं म्हणून आम्ही वकिलांनी किती वर्षं घसा फोडला, उपोषणाला बसलो, काळ्या फिती लावून फिरलो. आता बेंच आलं. प्रवासाचं दुखणं गेलं आणि दुसरंच मागं लागलं. मुंबईला पक्षकाराच्या घरचा एखादाच माणूस यायचा, कोपऱ्यात दबून बसायचा. आता तारखेला अख्खं गाव येतं. येताना डबे आणतात. सुनावणी संपली की मला व्हरांड्यात गाठून, कोर्टात मी काय काय बोलायला हवं होतं ते सांगतात.

बाबालाल शिकलगाराच्या अपिलाला असंच गाव यायचं. त्यांच्या पुढं असायची त्याची आई, हुसेनबी. ठेंगणी, काटक बाई, हिरवं इरकल, डोक्यावर पदर, आणि आवाज असा की न्यायमूर्तींच्या चेंबरपर्यंत जावा. शिरोळकडच्या उसाच्या पट्ट्यातलं गाव. पहिल्या भेटीत तिनं मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "बाई, तुमच्या घरात विळी हाय का?"

"आहे की."

"धार हाय का तिला?"

"असेल. का हो मावशी?"

"न्हाय, इचारलं. धार नसलेल्या विळीवर जेवण करणाऱ्या बाईला माझ्या पोराचं दुखणं कसं कळायचं?"

मला तिचा रागही आला आणि ती आवडलीही. घरी जाऊन विळी बघितली. टोमॅटोसुद्धा कापत नव्हती, नुसती दाबत होती.

केस अशी. आण्णाप्पा मगदूम हा त्याच गावचा बागायतदार, वीटभट्टीवाला. गळ्यात करंगळीएवढा जाड सोन्याचा गोफ घालून मोटारसायकलवर फिरायचा. गणपती नुकतेच बोळवले होते. संध्याकाळी उसातल्या वाटेनं घरी येताना दोघांनी त्याला अडवलं. तोंडाला टॉवेल बांधलेले. एकानं गाडीची चावी काढली, दुसऱ्यानं खांद्यावर कोयता घातला. गोफ ओढून दोघं उसात गडप झाले. खांदा इतका खोल कापला होता की आण्णाप्पा मरता मरता वाचला. जबरी चोरी, तीही हत्यारानं, आणि वर खुनाचा प्रयत्न. कलमं अशी की ऐकूनच घरच्यांनी हंबरडा फोडावा.

आता यात बाबालाल आला कसा? दवाखान्यात डॉक्टर टाके घालताना म्हणाले, अजब धार होती बुवा, एका घावात शर्ट, कातडं, मांस, सगळं सरळ रेषेत. आण्णाप्पा अर्धवट शुद्धीत होता. तो कण्हत म्हणाला, "अशी धार पंचक्रोशीत एकटा बाबालालच लावतोय."

शेजारी जबाब घ्यायला पोलीस बसले होते. त्यांनी बाबालाललाच उचललं.

मग ओळख परेड झाली. आरोपीला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत उभं करतात आणि फिर्यादीला विचारतात, यातला तो कोण. आण्णाप्पानं पट्दिशी बाबालालच्या खांद्यावर हात ठेवला. ठेवणारच! साहेबांनी विचारलं होतं, "यातल्या कुणाला ओळखता?" रांगेतले बाकीचे सगळे परगावचे. ओळखीचा असा बाबालाल एकटाच, लहानपणापासून याचे कोयते लावून देणारा. ही परेड खालच्या कोर्टालाही फारशी पटली नव्हती, तसं निकालात लिहिलं होतं. पण निकालात पुढं कोयता होता.

पोलिसांनी बाबालालला त्याच्याच दुकानात नेऊन, गुन्ह्यातला कोयता काढून दे, असं सांगितलं होतं. धार लावणाऱ्याच्या दुकानात कोयता सापडणं म्हणजे पिठाच्या गिरणीत पीठ सापडण्यासारखं. भिंतीला टेकून अख्ख्या गावाचे कोयते उभे होते. बाबालालनं विचारलं, "कंचा काढू साहेब?" कुणीतरी म्हणालं, काढ कुठलाबी. त्यानं हाताला आला तो काढला. निदान तो तसं सांगतो. पंचनाम्यात लिहिलं गेलं की आरोपीनं स्वतः होऊन गुन्ह्यातला कोयता काढून दिला, पात्यावर रक्तासारखे डाग आहेत. कोयता कागदात गुंडाळला, दोऱ्यानं बांधला, लाखेचं सील लावलं आणि ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत ठेवला. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेला माल. मग तो लॅबला गेला आणि लॅबनं सांगितलं की त्यावर माणसाचं रक्त आहे.

आणि या सगळ्यावर कळस बाबालालनं स्वतः चढवला. खटल्याच्या शेवटी न्यायाधीश आरोपीला विचारतात, तुझ्याविरुद्ध असा असा पुरावा आलाय, तुला काय सांगायचंय? सगळे आरोपी सगळ्याला 'खोटं आहे' म्हणतात. वकिलांनीच तसं पढवलेलं असतं. बाबालालपुढं कोयता धरला आणि विचारलं, हा कोयता तुझा का? त्यानं वाकून बघितलं, डोळे बारीक केले, आणि भर कोर्टात सांगितलं, "कोयता कुणाचा म्हाईत न्हाय साहेब. पर धार माझीच हाय. काम माझं न्हाय."

निकालपत्रात त्यातलं पहिलं वाक्य आलं, दुसरं आलं, तिसरं आलं नाही. आरोपीनं हत्याराशी असलेला आपला संबंध नाकारलेला नाही, असं त्यात होतं. दहा वर्षं सक्तमजुरी. अपील दाखल झालं तेव्हा जामीनही मिळाला नाही, कारण हत्यार आणि रक्त. त्याच्या आधीच्या वकिलांनी कपाळाला हात लावून कागद माझ्याकडं धाडले होते.

मी जेलमध्ये जाऊन त्याला भेटले. चाळिशीचा, शांत, मनगटं जाड, अंगठ्याच्या पेराला कातडं घट्ट झालेलं. मी म्हटलं, "अहो बाबालाल, धार माझी म्हणून कशाला सांगितलंत?"

त्याला माझा प्रश्नच कळला नाही. "दुसऱ्याची कशी म्हणू बाई? माझीच हुती. तुम्ही बघितलाय का कोयता? बघा एकदा. पातं उजेडात धरलं तर रेघ दिसत न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आत लई हाल हैत."

मला वाटलं मारहाण होतेय की काय. "काय होतंय? मला सांगा, मी अर्ज करते."

"विळ्यांना धार न्हाय ओ. कांदा कापत न्हाईत, चिरडत्यात. मी त्यांना म्हटलं, द्या मला, हुबं राहून करून देतो. तर म्हणत्यात, तुला? तू कोयत्याच्या केसमधला आणि तुझ्या हातात विळा?" मान हलवून तो स्वतःशीच हसला. मग हसू गेलं. "आई कशी हाय?" त्यानं विचारलं. हुसेनबी आता थकत चालली होती. घरात दुसरं कमावतं माणूस नव्हतं. धारेचं चाक ती रोज पुसून ठेवायची आणि कुणाला शिवू द्यायची नाही. अपील हरलं तर त्याची बाहेर यायची वेळ येईल तेव्हा दार उघडायला ती असेल का, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

सुनावणीच्या दिवशी व्हरांड्यात एक धिप्पाड माणूस मला आडवा आला. गळा मोकळा, एक खांदा उतरलेला. "नमस्कार पावणं," मी म्हटलं, "कुणाकडचे तुम्ही?"

"मी आण्णाप्पा मगदूम. मलाच मारलंय."

मी दोन पावलं मागं सरकले. फिर्यादीनं आरोपीच्या वकिलाशी बोलायचं नसतं. तो मात्र जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, दबका म्हणजे शिरोळकडचा दबका, तीन खांबांपलीकडं ऐकू गेला, "बाई, सुटंल का ओ बाबालाल? ऊसतोड तोंडावर आली न्हवं. कोयते सगळे बोथट पडल्यात."

"अहो, तुम्हीच तर त्याला ओळखलंत!"

"मी धार वळखली," आण्णाप्पा दुखावल्यासारखा म्हणाला. "माणूस पोलिसांनी वळखला."

याला म्हणावं काय! एवढं एकच वाक्य तो साक्षीत बोलला असता तर. पण साक्षीत नव्हतं ते. व्हरांड्यातलं बोलणं आत नेता येत नाही. मी ते गिळलं आणि कोर्टात गेले.

न्यायमूर्ती मुंबईचे. मितभाषी, अत्यंत सभ्य, आणि वाईट म्हणजे नीट वाचून आलेले. हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, मी इथं मराठीत सांगते, कारण इंग्रजीत त्याची चव जाते. मी म्हटलं, धार ही काही सही नव्हे, तिच्यावरून माणूस कसा ठरवायचा? ते म्हणाले, ठीक, धार सोडू. दुकान सोडू. परेड तर केव्हाच सोडली. रक्ताचं काय? मी म्हटलं, रक्ताचा गट लॅबला ठरवता आलेला नाही. ते म्हणाले, पण माणसाचं आहे ना? कोयत्यावर माणसाचं रक्त कशाला असेल, वकीलबाई?

मी पानं उलटत राहिले. कोयता बाबालालनं काढून दिलेला, सीलबंद लॅबला गेलेला, त्यावर रक्त. मागच्या बाकावर हुसेनबी बसली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण माझी पाठ वाचता येत होती. तिचा उसासा मला ऐकू आला.

तेव्हा न्यायमूर्तींनाच काय वाटलं कोण जाणे. म्हणाले, एवढं सगळे या धारेबद्दल बोलतायत, मुद्देमाल इथं आलाय ना? दाखवा तरी.

पाकीट उघडलं. आतल्या कागदाची घडी सोडली आणि कोयता मेजावर ठेवला. खरंच देखणा होता. पात्यावर वाळलेल्या कुंकवाची बोटं उमटलेली, हळदीचा पिवळा पट्टा, आणि मुठीच्या सांध्यात झेंडूची एक वाळकी पाकळी अडकलेली. कोयता ठेवणाऱ्या शिरस्तेदारांचा हात आपसूक छातीला लागला. सरकारी वकिलांनी मान लववली. मागं गावकऱ्यांत कुजबूज होऊन हात जोडले गेले. आणि मी, अंगात काळा गाऊन, गळ्यात पांढरे बँड, भर हायकोर्टात दोन्ही हात जोडून कोयत्याला नमस्कार केला.

न्यायमूर्ती माझ्याकडं बघत राहिले. "वकीलबाई, नमस्कार कुणाला केलात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कोयत्याला, माय लॉर्ड. चुकून. सवयीनं."

"सवयीनं? कशाची सवय?"

"नाही म्हणजे, त्याची पूजा झालेली आहे ना."

"कधी?"

"कधी म्हणजे, खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्याच हत्यारांची पू..."

वाक्य अर्धं टाकून मी जप्तीचा पंचनामा पुढं ओढला. आमच्याकडं त्या दिवशी काय पुजायचं राहतं? नांगर, मोटारसायकल, शिवणयंत्र, कंडक्टरचं तिकिटाचं मशीन. मी स्वतः दरवर्षी माझ्या लॅपटॉपला कुंकू लावते, कळा चिकटतात तरी लावते. खालच्या कोर्टात हाच कोयता हेच कुंकू घेऊन सगळ्यांसमोर आला होता. न्यायाधीश, दोन्हीकडचे वकील, पोलीस, पंच, सगळ्यांनी बघितला होता आणि कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं. कोयत्याला कुंकू असायचंच. नसतं तर आम्ही विचारलं असतं.

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "जप्ती कधीची?"

"पक्षपंधरवड्यातली, माय लॉर्ड."

"आणि ही खंडेनवमी?"

"त्यानंतर. आश्विनात. तेव्हा कोयता ठाण्यात होता." मग मी पाकिटावरच्या लाखेकडं बोट केलं. "सीलबंद."

सरकारी वकील उठले. भला माणूस, पण नोकरी आहे. म्हणाले, फूल दुकानातलंच असेल, आरोपीनंच आधी पूजा केली असेल. मी म्हटलं, पंचनाम्यात डागाचा शब्द आहे, फुलाचा नाही. आणि पक्षपंधरवड्यात कोयत्याला झेंडू वाहणारा माणूस मला सबंध जिल्ह्यात दाखवावा. ते म्हणाले, मग लॅबहून आल्यावर पुढच्या वर्षी कुणी वाहिलं असेल. हा मुद्दा मात्र खरा होता. पूजा लॅबच्या आधीची की नंतरची, यावर सगळं अडलं. आधीची असेल तर सील फुटलेलं, मग त्या रक्ताला काही अर्थ नाही. नंतरची असेल तर बाबालालची दहा वर्षं पक्की.

मागून हुसेनबीचा आवाज आला, "काय झालं ओ? कोयत्याला काय झालं?"

अपिलात सहसा नवी साक्ष होत नाही. पण कायद्यात त्याची सोय आहे, आणि न्यायमूर्तींनी ती वापरली. जप्तीच्या वर्षी ठाण्यात मुद्देमालाची खोली सांभाळणाऱ्या हवालदारांना बोलवा, असा हुकूम दिला. ते आता निवृत्त होते. विठोबा खोत त्यांचं नाव.

मधल्या दिवसांत माझी झोप उडाली. निवृत्त पोलीस, पेन्शन चालू. भर कोर्टात 'मी सील फोडलं' असं कोण कबूल करेल? 'मला काय माहीत साहेब' एवढं म्हणाला की संपलं. आणि हुसेनबीला त्याच्या घरी जाऊन पाया पडायचं होतं. मी तिला दटावलं. म्हटलं, साक्षीदाराच्या दाराला गेलात तर सगळं मुसळ केरात, आपणच त्याला फितवला म्हणतील. ती विचार करून म्हणाली, "दाराला जात न्हाय. पर त्येच्या सपनात गेलो तर चालंल का?" मी म्हटलं, खुशाल जा.

विठोबा खोत आले ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, हातात टोपी. कोयता बघून त्यांनी आधी नमस्कार केला, मग शपथ घेतली. न्यायमूर्तींनी स्वतःच मराठीतून विचारलं, "याची पूजा कुणी केली?"

"मी साहेब." आवाजात काडीचं भय नव्हतं. "ठाण्यात असलेल्या समद्या हत्यारांची मीच करायचो. नोकरीत एक खंडेनवमी चुकवली न्हाय."

"ही कुठल्या वर्षीची?"

"कोयता आला त्याच वर्षाची की. दिवाळी झाल्यावर पोरं तो घेऊन लॅबला गेली. पुढच्या दसऱ्याला मी रिटायर झालो हुतो."

"पण हा तर सीलबंद होता," न्यायमूर्ती म्हणाले.

"व्हय साहेब."

"मग?"

खोतांनी न्यायमूर्तींकडं दयेनं बघितलं. "सील फोडल्याबिगर कुंकू कसं लावायचं साहेब?"

सरकारी वकील ताडकन उठले. "सील फोडायचं नसतं हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"परत लावलं की ओ! पैल्यापरास चांगलं लावलं. पैलं कुणी लावलेलं कुणास ठावं, लाख सगळी एका अंगाला गेलती."

न्यायमूर्तींनी फाईल तोंडापुढं धरली. फाईल हलत होती. जरा वेळानं खाली आली. "जप्त केलेल्या, गुन्ह्यातल्या हत्याराची पूजा कशाला केलीत?"

"साहेब, गुन्हा माणूस करतोय. हत्यारानं काय केलंय?"

आता माझी पाळी होती. मी एकच विचारायचं ठरवलं होतं आणि ते विचारायलाही भीती वाटत होती. "मामा, पूजा कशी केलीत, तेवढं सांगा."

"पाटावर मांडला. आधी पाणी शिंपडलं, मग हळद, कुंकू, फूल. नारळ फोडला. मग कुंकवाची जागा सोडून पुसून ठेवला. पाण्यानं गंज धरतोय न्हवं. एवढी धार, वाया जायची."

"कशानं पुसलात?"

"त्याच केसमधला शर्ट हुता शेजारी, फिर्यादीचा. त्येनंच. दुसरं फडकं हुतं कुठं खोलीत?"

आण्णाप्पाचा रक्तानं भरलेला शर्ट. मी खाली बसले. पुढं विचारायचं काही उरलं नव्हतं. खोत मात्र टोपी घालता घालता न्यायमूर्तींना म्हणाले, "काय चुकलं असंल तर माझं चुकलं साहेब. त्या पोराचा त्यात काय संबंध न्हाय." पेन्शनचा माणूस आणि हे बोलून गेला. मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

निकाल लागला. हत्याराच्या पुराव्यावर विसंबता येत नाही, तो गेल्यावर काही उरत नाही, आरोपीला संशयाचा फायदा देऊन मुक्त करण्यात येत आहे. मी मागं वळून हुसेनबीला खूण केली. तिनं पदर तोंडाला लावला आणि रडली, मग डोळे पुसून ठसक्यात विचारलं, "संशय कुणाचा म्हणं?" मला मुरगूडचे पाटील आठवले. मी तिला म्हटलं, मावशी, कुणाचा का असेना, घरी घेऊन जा त्याला. खरे चोर कोण ते अजून कळलेलं नाही. आण्णाप्पाचा गोफही सापडला नाही. आण्णाप्पा सुटलेल्या बाबालालला न्यायला स्वतःची जीप घेऊन आला होता, हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

महिना-दीड महिना गेला आणि आण्णाप्पाचा फोन आला. "बाई, सोडवलासा, बरं झालं. पर बाबालालची धार पैल्यासारखी न्हाय ओ. गडी माणसं कुरकूर करायल्यात. आत हात गेला वाटतं त्येचा."

मला ते लागलं. माणूस सोडवून आणला आणि हात आत राहिला, असं कसं? पुढच्या खंडेनवमीला मी विळी कापडात गुंडाळून त्यांच्या गावी गेले. बाबालालच्या चाकाला गिऱ्हाइकांनी झेंडूचा हार घातला होता. दरवर्षी तेच घालतात, तेच नारळ फोडतात, आणि शिकलगाराच्या घरचे खोबरं खातात. हुसेनबीनं माझ्याही हातावर खोबरं ठेवलं. ती आत चहा ठेवायला गेली तेव्हा मी हळूच विचारलं, "बाबालाल, हात दुखतो का हो?"

"न्हाय की."

"मग लोक म्हणतात..."

तो चाकाकडं बघत राहिला. "हात हाय तसाच हाय बाई. मीच कमी लावतोय. दोन फेऱ्या आधीच उचलतोय पातं." मग ओशाळं हसला. "पुन्हा कुणी वळखाय नगं."

याच्यावर अपील करायचं कुठं? मी विळी पुढं केली. म्हटलं, हिला जमेल तशी लावा.

त्यानं विळी हातात घेतली, तिच्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि मला वाईट वाटेल अशा तऱ्हेनं तोंड वाकडं केलं. हार बाजूला सरकवून चाक सुरू केलं. बराच वेळ लावत बसला. हुसेनबी चहा घेऊन दारात आली ती तशीच उभी राहिली.

घरी आल्यावर स्वयंपाकाला बसले. कांदा विळीवर ठेवला मात्र, तो दोन्हीकडं पडला आणि माझ्या बोटातून रक्त आलं. कधी कापलं तेसुद्धा कळलं नाही, रेघ दिसेना इतकी बारीक. बोट तोंडात धरून मी दुसऱ्या हातानं फोन लावला.

"बाबालाल," मी म्हटलं, "धार वळखली."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, "बाई, कुणाला सांगू नगासा."